पाऊस जमिनीकडूनही येतो

शाळेत आपण जलचक्राची आकृती काढली, तेव्हा समुद्रातून वाफ वर जायची, वाऱ्याबरोबर ढग डोंगराकडे सरकायचे, डोंगरावर पाऊस पडायचा आणि नदीतून पाणी पुन्हा समुद्राला मिळायचे. त्या आकृतीत जमिनीला काम एकच होते: आलेला पाऊस झेलायचा आणि उतारावरून सोडून द्यायचा. आकृती चुकीची नाही, पण हिशेबाचा मोठा भाग तिच्यात राहून गेला आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या जमिनीवर वर्षभरात साधारण १ लाख १० हजार घन किलोमीटर पाणी पडते. नद्यांवाटे समुद्राला मिळते ते त्यातले निम्म्याहून कमी. जवळजवळ ६० टक्के पाणी जमिनीवरूनच परत हवेत जाते, थोडे उघड्या मातीतून आणि पाणवठ्यांवरून, पण बरेचसे झाडांच्या पानांतून. जमिनीवर पडणाऱ्या पावसाचा माग उलट दिशेने काढला, तर त्यातला सुमारे ४० टक्के पाऊस कुठल्या ना कुठल्या जमिनीवरून उठलेल्या वाफेचा निघतो.

म्हणजे समुद्रातून एकदा आलेले पाणी परत समुद्रात जाण्याआधी जमिनीवर दोनदा, तीनदा पडू शकते. हे पुन्हा पुन्हा पडणे किती आणि कुठे होईल, ते त्या जमिनीवर काय उगवले आहे यावर ठरते. आपल्याकडे पावसाची चर्चा एल निनो आणि अरबी समुद्र यांच्यापलीकडे क्वचितच जाते, म्हणून जमिनीची बाजू जरा सविस्तर मांडावीशी वाटते.

सुरुवात उन्हापासून करू. दुपारच्या उन्हाने जमिनीला जी ऊर्जा मिळते, ती जमीन दोन मुख्य वाटांनी हवेला देते. जमीन कोरडी असेल तर ती स्वतः तापते आणि लगतची हवा तापवते. जमिनीत ओल असेल, वर हिरवळ असेल, तर त्याच ऊर्जेचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. हा खर्च थोडाथोडका नसतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे साडेचोवीस लाख ज्यूल ऊर्जा लागते. माठातले पाणी गार राहते ते याच कारणाने, आणि पाणी पाजलेल्या उसाच्या शेतावरून चालताना अंगाला गारवा लागतो तोही याचमुळे. ही ऊर्जा नाहीशी होत नाही. वाफेत ती अप्रकट उष्मा म्हणून दडून राहते. वर जाऊन वाफेचे पुन्हा थेंब होतात तेव्हा ती तिथे सुटते, भोवतालची हवा तापवते आणि ढगाला आणखी वर चढवते. जमिनीवरची ओल अशा रीतीने काही किलोमीटर उंचीवरच्या ढगाचे इंधन होते.

कोरड्या जमिनीवर याच्या उलट घडते. मे महिन्यात विदर्भात भर दुपारी जमिनीलगतचा ढवळला जाणारा हवेचा थर तीन किलोमीटरपर्यंत आणि कधी त्याच्याही वर चढतो. ओल्या, हिरव्या जमिनीवर तोच थर एखाद्या किलोमीटरवर थांबतो. थर जितका उंच, तितकी त्यातली वाफ विरळ होते आणि ढग धरायला तितकी जास्त उंची गाठावी लागते. म्हणून तापलेली कोरडी जमीन ‘ऊन आहे, म्हणजे आता पाऊस येईल’ हा आपला समज नेहमीच खरा करत नाही. वळवाच्या पावसाला उन्हाबरोबर कुठून तरी आलेली वाफही लागते.

आता या व्यवहारात झाड कुठे बसते? पानाच्या खालच्या बाजूला सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. अन्न तयार करायला कार्बन डायऑक्साइड हवा, तर ती उघडावीच लागतात, आणि उघडली की आतली वाफ बाहेर निसटते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत घेण्यासाठी झाड पाण्याचे काही शे रेणू गमावते. मुळांनी शोषलेल्या पाण्यातले ९५ टक्क्यांहून अधिक पाणी या बाष्पोच्छ्वासात उडून जाते. ऊन फार कडक झाले, हवा फार सुकी झाली की झाड रंध्रे आवळून घेते. हवेला कधी आणि किती पाणी द्यायचे, यात वनस्पतीचा असा थेट हात असतो. मुळांची खोलीही इथे महत्त्वाची आहे. पावसाने आठ-पंधरा दिवस ओढ दिली की मातीचा वरचा वीतभर थर सुकतो आणि उथळ मुळांच्या पिकाचा बाष्पोच्छ्वास मंदावतो. जंगलातले मोठे झाड कित्येक मीटर खालची ओल ओढत राहते, आणि आकाशात ढग नसतानाही त्याच्याकडून हवेला पाणी मिळत राहते.

ही गोष्ट मोजून पहिल्यांदा ठसठशीतपणे दाखवली गेली ती अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकात तिथल्या पावसाच्या पाण्याचे नमुने तपासत होते. पाण्यातला ऑक्सिजन बहुतेक १६ वस्तुमानांकाचा असतो, पण अगदी थोडा १८ चा, म्हणजे जड असतो. ढगातून पाऊस पडताना जड ऑक्सिजन असलेले पाणी आधी गळते. अटलांटिकवरून आत शिरलेली हवा वाटेत पाऊस पाडत पश्चिमेला जाते, तेव्हा प्रत्येक सरीबरोबर तिच्यातले जड पाणी कमी व्हायला हवे, आणि खंडाच्या आत खूप दूर पडणारा पाऊस चांगलाच हलका असायला हवा. प्रत्यक्षात तो अपेक्षेइतका हलका नव्हता. हजारो किलोमीटर आत जाऊनही घट फार कमी होती. वाटेत कुणीतरी जड पाणी परत हवेत सोडत होते.

ते कोण, याचे उत्तर या पद्धतीतच दडलेले आहे. तळ्यावरून पाण्याची वाफ होते तेव्हा जड पाणी मागे राहते. झाडाच्या पानांतून मात्र सरासरीने, मुळांनी जसे घेतले तसेच पाणी बाहेर पडते, जड-हलक्याची निवड होत नाही. म्हणजे जड पाणी हवेला परत देणारे जंगलच होते. खोऱ्यातला साधारण निम्मा पाऊस खोऱ्याने स्वतःच फिरवलेल्या पाण्याचा आहे, असे या कामातून निघाले. पुढे या वाफेच्या प्रवाहांना ब्राझीलमध्ये ‘उडत्या नद्या’ म्हणू लागले. अँडीज पर्वताला अडून त्या दक्षिणेला वळतात आणि ब्राझीलच्या दक्षिण भागापासून पॅराग्वे, उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या शेतीला पाऊस पुरवतात.

२०१७ मध्ये याच्याही पुढची गोष्ट समोर आली. दक्षिण अ‍ॅमेझॉनमध्ये पावसाळा सुरू होतो तो समुद्रावरून पाऊसपट्टा तिथे पोहोचण्याच्या दोन-तीन महिने आधी. उपग्रहाने हवेतल्या वाफेतला जड हायड्रोजन मोजला, तेव्हा या सुरुवातीच्या वाफेवर झाडांची खूण सापडली. कोरड्या ऋतूच्या शेवटी नवी पालवी फुटते, बाष्पोच्छ्वास वाढतो, त्या वाफेने उथळ ढग बनतात, ते वरची हवा ओलसर करतात, मग मोठे ढग आणि पाऊस. त्या तापलेल्या हवेच्या उठावाने वारे वळतात आणि मग समुद्राची वाफ आत खेचली जाते. जंगल स्वतःचा पावसाळा उघडते, हे वाक्य काव्यमय वाटेल, पण ते मोजमापातून आले आहे. त्याच जंगलाच्या आग्नेय भागात, जिथे तोड आणि आगी सर्वाधिक आहेत, विमानातून २०१० ते २०१८ या काळात घेतलेल्या हवेच्या नमुन्यांवरून लुसियाना गात्ती यांच्या चमूने दाखवले की तो भाग आता कार्बन शोषण्यापेक्षा अधिक सोडतो आहे. हेही तितकेच मोजलेले आहे.

आता आपल्याकडे येऊ. मान्सूनचे मुख्य पाणी समुद्राचेच, यात शंका नाही. जूनमध्ये जमीन भाजून निघालेली असते, तिच्याकडे द्यायला काही नसते. पण जुलै-ऑगस्टमध्ये माती भिजते, शेते आणि राने हिरवी होतात आणि जमीन स्वतः वाफ पुरवू लागते. मुंबईच्या आयआयटीत सुबिमल घोष यांच्या गटाने केलेल्या अभ्यासांतून दिसले की पावसाळ्याच्या उत्तरार्धात, विशेषतः सप्टेंबरमध्ये, गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्य भारतात पडणाऱ्या पावसाचा साधारण चौथा हिस्सा जमिनीवरूनच फिरून आलेल्या पाण्याचा असतो. समुद्रावरचे वारे तेव्हा मंदावलेले असतात आणि जमिनीचा वाटा नेमका तेव्हाच मोठा होतो. याच गटाने २०१६ मध्ये असेही दाखवले की या पट्ट्यातल्या झाडोऱ्याची जागा शेतीने घेतल्यामुळे बाष्पोच्छ्वास घटतो आणि मान्सूनच्या शेवटच्या टप्प्यातला पाऊस कमी होतो.

मला सर्वात अर्थपूर्ण वाटतो तो २०१८ मधला सह्याद्रीवरचा अभ्यास. नैऋत्य वारे सह्याद्रीला आदळतात, पश्चिम उतारावर पाणी रिकामे करतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तिथून घाट उतरून वाईला आले की हजार मिलिमीटरही नाही. पर्जन्यछायेचा हा धडा आपण सगळे शिकलो आहोत. तमिळनाडूही अशाच छायेत आहे. पण डोंगर ओलांडताना वारा तिथल्या जंगलावरूनही जातो, आणि ते भिजलेले जंगल त्याला पुन्हा वाफ देते. पाऊस कमी झालेल्या वर्षांत तमिळनाडूला नैऋत्य मान्सूनकडून मिळणाऱ्या पावसातला ४० टक्क्यांपर्यंत वाटा या जंगलांच्या वाफेचा असतो, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. संगणकीय प्रारूपात हे जंगल काढून टाकले, तर तिथला पाऊस २५ टक्क्यांपर्यंत घटतो.

तुटीच्या वर्षी वाटा वाढतो, याचे कारण वर सांगितलेल्या मुळांत आहे. मान्सूनला खंड पडला की समुद्राकडून येणारी वाफ आटते, पण आकाश मोकळे झाल्याने जंगलावर ऊन पडते, आणि मुळांना खाली ओल आहेच. समुद्राने हात आखडता घेतला तेव्हाही जंगल देत राहते.

त्याच २०१८ सालच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने कावेरीच्या पाण्याचा निकाल दिला. कर्नाटकाने तमिळनाडूला बिळिगुंडलू इथे वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी सोडायचे, असे ठरले. या आकड्यातल्या दशांशापर्यंत वाद झाले, आणि ते स्वाभाविक आहे, कारण त्यावर लाखो शेतकऱ्यांचे पीक उभे आहे. पण कावेरी ज्या कोडगूच्या डोंगरांत उगम पावते, तिथूनच आणि त्याच्या उत्तर-दक्षिणेच्या घाटांतून हवेवाटेही पाणी तमिळनाडूला जाते, आणि ते कुठल्याही करारात येत नाही. घाटातले एखादे जंगल खाणीसाठी किंवा रस्त्यासाठी द्यायचे की नाही, हे ठरवताना आपण त्या गावाचे, फार तर त्या नदीच्या खालच्या अंगाचे नुकसान पाहतो. वाऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या जिल्ह्यांचाही त्यात विचार झाला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. वाहत्या पाण्याइतकीच ही देवघेव खरी आहे आणि आता ती मोजताही येते.

महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या भागाचा संबंध आणखी एका वाटेने येतो. विदर्भ आणि मराठवाड्यातला बराचसा चांगला पाऊस बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. समुद्र सोडून जमिनीवर आले की अशी क्षेत्रे विरून जायला हवीत, कारण त्यांचे इंधन समुद्राची वाफ. तरी काही क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगड ओलांडून खूप आतपर्यंत पाऊस पाडत जातात. किश्तवाल, नियोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की ज्या वेळी वाटेतली जमीन आधीच भिजलेली असते, तेव्हा ही क्षेत्रे अधिक काळ टिकतात आणि अधिक आत शिरतात. भिजलेली जमीन त्यांना वाफ पुरवत राहते. आधीच्या पावसाने पुढच्या पावसाची सोय केलेली असते, आणि याचाच दुसरा अर्थ असा की जूनमधली तूट ऑगस्टपर्यंत पाठलाग करू शकते.

हे सगळीकडे सारख्याच जोराने होत नाही. २००४ मध्ये नासाचे रँडल कॉस्टर यांनी डझनभर हवामान प्रारूपांना एकच प्रश्न विचारून पाहिला: मातीतल्या ओलीचा पावसावर परिणाम जगात कुठे सर्वाधिक होतो? नकाशावर तीन ठिकाणे ठळक उठली. अमेरिकेतले मोठे गवताळ मैदान, आफ्रिकेतला साहेल आणि भारत. तिन्ही जागा ओल्या आणि कोरड्या प्रदेशांच्या सीमेवरच्या. सदैव ओल्या प्रदेशात थोडी ओल वाढल्याने फरक पडत नाही, तिथे मर्यादा उन्हाची असते. वाळवंटात ओलच नसते. मधल्या पट्ट्यात, जिथे ऊन भरपूर आणि पाणी आज आहे उद्या नाही, तिथे मातीची दहा-वीस मिलिमीटर ओल निर्णायक ठरते. आपले कोरडवाहू शेतकरी पिढ्यानपिढ्या अशाच पट्ट्यात राहतात, म्हणून ‘ओल’ हा शब्द त्यांच्या बोलण्यात इतका सारखा येतो.

या मधल्या पट्ट्यात माणसाने केलेला सर्वात मोठा बदल म्हणजे सिंचन. उपग्रहांनी २००० ते २०१७ या काळात टिपलेल्या माहितीनुसार जगात जी हिरवळ वाढली, तिच्यात भारत आणि चीन आघाडीवर आहेत, आणि भारतातली ८२ टक्के वाढ शेतीतून आलेली आहे. पाणी पाजलेल्या शेतांनी उत्तर भारताचे उन्हाळी तापमान काही प्रमाणात खाली धरले आहे. एवढ्यावर थांबलो तर ती आनंदाची बातमी ठरेल. पण तीच वाफ हवेचा दमटपणा वाढवते, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. गांधीनगरच्या आयआयटीतले विमल मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले की सिंचनाने तापमापकावरचा आकडा उतरला तरी शरीराला सोसावा लागणारा दमट उष्म्याचा ताण वाढतो. शेतात राबणाऱ्या बाईसाठी महत्त्वाचा आकडा हा दुसरा आहे. मुंबई आयआयटीच्याच २०१९ मधल्या एका प्रारूप-अभ्यासात असेही दिसले की उत्तरेतल्या भाताच्या भरमसाट सिंचनाने सप्टेंबरचा पाऊस वायव्येकडे सरकतो आणि मध्य भारतात अतिवृष्टीची तीव्रता वाढते.

आणि ओल संपली तर? २०१० च्या उन्हाळ्यात पश्चिम रशियात आठवडेच्या आठवडे पाऊस नव्हता. २९ जुलैला मॉस्कोचे तापमान ३८.२ अंशांवर गेले, तिथल्या नोंदींतले सर्वोच्च. फुग्यांतून घेतलेल्या नोंदींवरून नंतर कळले की सुकलेल्या जमिनीने दिवसभर दिलेली उष्णता रात्री वरच्या थरात साठून राहत होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खालच्या हवेत मिसळत होती. रोज कालच्या उष्णतेवर आजची चढत होती.

इतके वाचून कुणी म्हणेल, मग झाडे लावावीत, पाऊस वाढेल. इथे मात्र थांबून विचार करायला हवा. कॅनडा आणि सायबेरियाच्या बर्फाळ भागात ताजे बर्फ ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परत पाठवते, तर सूचिपर्णी जंगलाचा गडद माथा तेच ऊन शोषून घेतो. तिथे जंगल वाढले तर कार्बन शोषला जातो, पण जमीन तापतेही. साहेलच्या दुष्काळाचे उदाहरणही शिकण्यासारखे आहे. १९७५ मध्ये ज्यूल चार्नी यांनी मांडले की अतिचराईने जमीन उघडी पडली, ती जास्त ऊन परावर्तित करू लागली, म्हणून हवा खाली बसली आणि पाऊस आटला. कल्पना मोलाची होती, पण गुराख्यांवर ठेवलेला तो दोष पुढे टिकला नाही. दुष्काळाचे मूळ मुख्यतः समुद्राच्या तापमानात होते, जमिनीने तो अधिक तीव्र केला आणि लांबवला.

आपल्या माळरानांबाबत हीच काळजी घ्यावी लागेल. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडची माळराने सरकारी कागदांवर बहुतेक पडीक म्हणून नोंदलेली असतात. प्रत्यक्षात ती कमी पावसाला जुळवून घेतलेली पुरातन गवताळ परिसंस्था आहे, माळढोकाचे आणि लांडग्याचे घर. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात तिथे दाट लागवड केली, तर झाडे तो पाऊस स्वतः पिऊन टाकतात आणि विहिरी-ओढ्यांना कमी उरते. उडालेली वाफ कुठे पडेल ते वारा ठरवतो, बहुधा शेकडो किलोमीटर दूर. सह्याद्रीच्या कड्यावरचे सदाहरित जंगल आणि सोलापूरचा माळ या दोन जागांचे हवेशी असलेले नाते वेगळे आहे, आणि दोन्ही जशा आहेत तशा राखण्यातच शहाणपण आहे.

ही देवघेव मोजण्यासाठी उंच मनोरे उभारतात. त्यांवरची उपकरणे वाऱ्याचा वर-खाली वेग आणि त्यातली वाफ व कार्बन डायऑक्साइड सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतात. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या झुळकांमधला फरक म्हणजे जमिनीने त्या क्षणी हवेला काय दिले, त्याचा हिशेब. अ‍ॅमेझॉनमध्ये असा एक मनोरा ३२५ मीटर उंच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने काझीरंगासह अनेक ठिकाणी मनोरे उभारले आहेत, आणि मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातल्या सिलखेडा इथे मान्सूनच्या गाभ्याच्या पट्ट्यात एक मोठे निरीक्षण केंद्र उघडले आहे. वरून उपग्रहांचीही साथ आहे. नासा आणि इस्रोचा निसार हा रडार बसवलेला उपग्रह जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोटातून गेला, आणि दर १२ दिवसांनी तो त्याच जमिनीवरून जाऊन तिची ओल शेताच्या पातळीवर टिपू शकतो. पण रडारला दिसते ती वरच्या काही सेंटिमीटरची ओल. झाडांची मुळे जिथून पाणी ओढतात ती खोलवरची ओल जमिनीत पुरलेल्या उपकरणांनी आणि मनोऱ्यांच्या नोंदींवरूनच कळते. मान्सूनला खंड पडतो त्या दिवसांत या नोंदी सर्वाधिक मोलाच्या असतात, कारण पुढचे ढग कशावर उभे राहणार, हे तेव्हा त्या खोल ओलीवर अवलंबून असते.